गर्भ कुठे राहिला?

लघवीच्या तपासणीत पट्टीवर दोन रेघा उमटल्या की घरात एकच वाक्य बोलले जाते, 'दिवस गेले'. वाक्य खरे असते, पण त्यात अर्धीच माहिती असते. गर्भाच्या बाहेरच्या पेशींतून स्रवणारे एचसीजी नावाचे संप्रेरक शरीरात आले आहे, एवढेच त्या पट्टीला कळते. तो गर्भ गर्भाशयात रुजला आहे की बाहेर कुठे अडकला आहे, हे तिला सांगता येत नाही. आशाताई देतात त्या 'निश्चय' संचातली पट्टी असो की शहरातल्या मेडिकलमधून आणलेली महागडी पट्टी असो, मर्यादा सारखीच.

दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १ ते २ गर्भधारणा गर्भाशयाच्या पोकळीबाहेर होतात. वैद्यकात त्यांना एक्टोपिक म्हणतात, मराठीत अस्थानिक गर्भधारणा. दवाखान्यातल्या बोलण्यात मात्र 'गर्भ नळीत राहिलाय' असेच ऐकू येते. आकडा लहान वाटतो. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्या स्त्रिया दगावतात, त्यांच्या मृत्यूचे हे सर्वांत मोठे कारण आहे. वेळेवर ओळखले तर यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येतो, म्हणून तो अधिक सलतो.

मग वेळेवर ओळखले का जात नाही? लक्षणे दडलेली असतात म्हणून, असे सहसा सांगितले जाते. मला ते पटत नाही. पाळी चुकते, पोटात दुखते, डाग लागतात, घेरी येते. यात दडलेले काय आहे? खरी अडचण वेगळी आहे. यातल्या प्रत्येक लक्षणाला आपल्या घरांत, आणि कित्येकदा दवाखान्यांतही, एक तयार उत्तर असते. ते उत्तर दहापैकी नऊ वेळा बरोबरही ठरते. म्हणूनच दहाव्या वेळी ते चुकले तर कोणाच्या लक्षात येत नाही. या लेखात प्रत्येक लक्षण आणि ज्या नावाखाली ते खपून जाते ते नाव, दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आहे. त्याआधी थोडी शरीररचना.

नळीतला प्रवास

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना एकेक गर्भनलिका असते. इटलीतील शरीररचनातज्ज्ञ गाब्रिएले फालोप्पियो याने १५६१ मध्ये तिचे नेमके वर्णन केले, म्हणून ती फेलोपियन नळी. लांबी १० ते १२ सेंटीमीटर. अंडाशयाकडचे टोक झालरीसारखे, त्यालगतचा भाग रुंद. पुढे ती निमुळती होत जाते आणि गर्भाशयाच्या भिंतीतून आत शिरते तिथे तिचे छिद्र जेमतेम मिलिमीटरभर उरते.

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचे मीलन गर्भाशयात होते, असा पुष्कळांचा समज असतो. ते होते नळीच्या रुंद भागात. म्हणजे प्रत्येक गर्भाचे पहिले काही दिवस नळीतच जातात. फलित बीज स्वतः हलू शकत नाही. नळीच्या स्नायूंच्या लहरी आणि तिच्या अस्तरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू त्याला पुढे सरकवत नेतात. तीन-चार दिवसांत ते गर्भाशयात पोहोचते, तिथे थोडे तरंगते आणि सहाव्या-सातव्या दिवशी अस्तरात रुजते.

सगळे मर्म या वेळापत्रकात आहे. गर्भ ठरलेल्या दिवशी रुजायला तयार होतो आणि त्या दिवशी जिथे असेल तिथेच रुजतो. वाटेत अडकला असेल तर नळीत. त्याच्या बाहेरच्या पेशी समोरच्या ऊतीत शिरतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या पोखरून आपल्याला रक्त मिळवतात. गर्भाशयात हे सोसायला जाड, रसरशीत अस्तर आणि त्यामागे भक्कम स्नायू असतो. नळीची भिंत पातळ. ती ताणली जाते, झिरपू लागते आणि एक दिवस फाटते. 'गर्भातच काही खोट होती का?' असे नातेवाईक हमखास विचारतात. अडचण बहुतेक वेळा गर्भात नसते, वाटेत असते.

अस्थानिक गर्भांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नळीतच असतात. त्यातले सुमारे ७० टक्के रुंद भागात. तिथे जागा थोडी जास्त, म्हणून नळी आठव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतही तग धरते. चिंचोळ्या भागातली नळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच फुटू शकते. गर्भाशयाच्या भिंतीतून जाणाऱ्या तुकड्यात दोन-तीन टक्के गर्भ राहतात, पण त्यांची भीती सर्वांत जास्त. भोवती स्नायू असल्याने ते उशिरापर्यंत वाढतात, आणि फुटतात तेव्हा मोठ्या रक्तवाहिन्यांसकट फुटतात. अंडाशय, गर्भाशयाचे मुख, उदरपोकळी या विरळ जागा. सिझेरियनच्या जुन्या व्रणात रुजणारा गर्भ हीदेखील आता स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नित्य चर्चेतली गोष्ट झाली आहे, कारण सिझेरियनच वाढली आहेत.

वाट अडते ती मुख्यतः जुन्या इजेमुळे. क्लॅमिडिया, गनोरिया यांसारखे संसर्ग, बाळंतपण किंवा गर्भपातानंतर पिशवीला झालेला जंतुसंसर्ग, पोटातली आधीची शस्त्रक्रिया यांनी नळीचे अस्तर खरडले जाते, तंतू झडतात, आतल्या आत पडदे चिकटतात. क्लॅमिडिया तर बहुतेक स्त्रियांत काहीच त्रास न देता येऊन जातो. आपल्याकडे यात जननमार्गाच्या क्षयाची भर पडते. तोही मुकाट असतो आणि अनेकदा वंध्यत्वाच्या तपासणीतच उघडकीला येतो. धूम्रपान, पस्तिशीनंतरचे वय, टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार यांनीही धोका वाढतो. एकदा नळीत गर्भ राहिला असेल तर पुन्हा तसे होण्याची शक्यता सुमारे १० टक्के.

हे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अस्थानिक गर्भ राहिलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींत यातले कोणतेच कारण सापडत नाही. तेव्हा 'हिला तसला काही इतिहास नाही' यावर निश्चिंत होणे चूक आहे.

'तिचं ऑपरेशन झालंय'

महाराष्ट्रात या विषयाला एक खास बाजू आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. खेड्यापाड्यांत ही शस्त्रक्रिया पंचविशीच्या आसपास उरकली जाते. त्यानंतर ती स्त्री आणखी वीसेक वर्षे प्रजननक्षम वयात असते, पण घरच्यांच्या, तिच्या स्वतःच्या आणि डॉक्टरांच्याही हिशेबातून गर्भधारणा कायमची वजा झालेली असते.

ती पूर्णपणे वजा होत नाही. अमेरिकेत नळबंदीच्या १०,६८५ स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारा 'क्रेस्ट' नावाचा अभ्यास या बाबतीत आधारभूत मानला जातो. त्यात १० वर्षांत हजारी १८ ते १९ स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतरही दिवस गेल्याचे आढळले. नळबंदीनंतर गर्भ राहणे विरळच म्हणायचे. पण राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे एकतृतीयांश गर्भाशयाबाहेर होते. १९९७ मध्ये याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली : हा धोका काळाबरोबर ओसरत नाही. चौथ्या ते दहाव्या वर्षांतही तो पहिल्या तीन वर्षांइतकाच राहतो. तिशीच्या आत, विद्युतप्रवाहाने नळी जाळून बंद केलेल्या स्त्रियांत तो विशेष होता. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापून काढलेल्यांत बराच कमी.

असे का घडते तेही समजण्यासारखे आहे. बंद केलेल्या जागी कधी कधी अतिसूक्ष्म वाट पुन्हा तयार होते. शुक्रजंतू तेवढ्या वाटेने जाऊ शकतो. फलित बीज त्याच्या तुलनेत कितीतरी मोठे असते आणि त्याला ढकलणारी नळीची यंत्रणा तिथे तुटलेली असते. ते तिथेच थांबते.

यावरून कोणी नळबंदीला घाबरू नये. काहीच साधन न वापरणाऱ्या स्त्रीपेक्षा नळबंदी झालेल्या स्त्रीला अस्थानिक गर्भाचा एकूण धोका कमीच असतो, कारण मुळात गर्भच राहत नाहीत. तांबीचेही तसेच. ती असताना दिवस जाणे विरळ. गेलेच तर गर्भ कुठे आहे हे तातडीने पाहायचे. बदलायचा आहे तो हिशेब. तीन मुलांची आई, दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली, पोट धरून दवाखान्यात येते. तिची लघवीची गर्भतपासणी करणे अनेकांना अप्रस्तुत वाटते, कधी तिलाच अपमानास्पद वाटते. ती तपासणी करावीच. काही रुपयांची पट्टी आणि पाच मिनिटे लागतात. प्रजननक्षम वयातल्या कोणत्याही स्त्रीच्या पोटदुखीत आणि घेरीत ही तपासणी पहिल्या पाच गोष्टींत असली पाहिजे, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो, ऑपरेशन झालेले असो वा नसो.

लक्षणे आणि त्यांची दुसरी नावे

पहिले लक्षण रक्तस्राव, आणि त्याचे दुसरे नाव 'पाळी आली'. नळीतल्या गर्भाकडून संप्रेरकांचा पुरवठा तोकडा पडतो. गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या आशेने वाढलेले असते, ते नीट टिकतही नाही आणि पाळीसारखे पूर्ण सुटतही नाही. त्यामुळे चार-आठ दिवस उशिराने, थोडे, काळपट, थांबून थांबून जाणारे रक्त दिसते. स्त्री सांगते, 'पाळी आली, जरा कमी गेली एवढंच.' डॉक्टर लिहितात, पाळी नियमित. इथे 'शेवटची पाळी कधी आली?' एवढा प्रश्न पुरत नाही. 'ती नेहमीसारखी होती का? आणि तिच्या आधीची कधी?' हे दोन प्रश्न विचारले की कित्येकदा चित्र पालटते.

याच रक्तस्रावाचे दुसरे टोक म्हणजे 'गर्भ पडला'. कधी गर्भाशयाचे अस्तर एकसंध, मांसाच्या पिशवीसारखे बाहेर पडते. घरच्यांना वाटते गर्भपात झाला. पुढे पिशवी धुऊनही घेतली जाते. आणि गर्भ नळीत वाढत राहतो. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात गर्भाच्या वारेचे अंकुर दिसत नाहीत. म्हणून क्युरेटिंगनंतर निघालेले ऊतक तपासणीला पाठवणे ही उपचारातली आवश्यक पायरी आहे. खर्च वाचवायला ती गाळली जाते, हे दुर्दैव.

दुसरे लक्षण पोटदुखी. तिला वात, गॅस, अपेंडिक्स, मुतखडा, 'पिशवीला सूज' अशी पुष्कळ नावे मिळतात. नळी ताणली जाते तेव्हा ओटीपोटात एका बाजूला बोचरे, चढ-उतार होणारे दुखते. एकाच बाजूला दुखले पाहिजे असा मात्र नियम नाही. फुटण्याच्या क्षणी तीव्र कळ येते. आणि त्यानंतर, हे फार महत्त्वाचे आहे, काही काळ बरे वाटू शकते. ताणलेली नळी फाटली की ताण गेला, म्हणून कळ ओसरते. 'आता आराम पडलाय, सकाळी बघू' हे वाक्य याच मधल्या वेळेत बोलले जाते. रक्त त्या वेळी पोटात साठत असते.

तिसरे लक्षण पोटापासून दूर, खांद्याच्या टोकाशी. त्याचे दुसरे नाव 'झोपेत अवघडलं'. पोटात साठलेले रक्त आडवे झाल्यावर वर सरकते आणि छाती व पोट यांमधल्या श्वासपटलाला लागते. श्वासपटलाचा फ्रेनिक मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघतो. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही साधारण तिथूनच जाते. मेंदूची गल्लत होते आणि दुखते खांद्यावर. हात हलवल्याने ते वाढत नाही, आडवे झाल्यावर वाढते. बाम चोळून थांबत नाही. पाळी चुकलेल्या स्त्रीने खांदा दुखतो म्हटले, तर तो खांद्याचा आजार मानायच्या आधी पोटाचा विचार करावा.

चौथ्या लक्षणाची गफलत सर्वांत सोपी. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामध्ये एक खोलगट जागा आहे. पोटातले रक्त उताराने तिथे जमते. गुदाशय चाळवला जातो. शौचाला लागल्यासारखे होते, शौचाच्या वेळी दुखते, जुलाब-उलट्या होतात. नाव मिळते 'बाहेरचं काहीतरी खाल्लं'. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी करण्याची जुनी पद्धत आहे. त्या अहवालांनी हाच इशारा पुन्हापुन्हा दिला आहे : अस्थानिक गर्भाने दगावलेल्या काही स्त्रियांवर आधी पोटाच्या संसर्गाचे उपचार चालू होते. जुलाब नेहमीचे असतात. जुलाबांबरोबर घेरी आणि चुकलेली पाळी असेल तर ते नेहमीचे नसतात.

पाचवे लक्षण घेरी, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी. दुसरे नाव 'अशक्तपणा', किंवा 'दिवस गेल्यावर होतंच असं', किंवा 'उपास सोसला नाही'. इथे थोडा हिशेब करू. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असते. त्यातले अर्धा लिटर गेले तरी तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरून धरते. एक लिटरच्या आसपास गेले की हे सावरणे संपते आणि रक्तदाब एकाएकी कोसळतो. म्हणजे 'बीपी चांगला आहे' या वाक्याचा अर्थ 'रक्त गेलेले नाही' असा होत नाही. नाडीकडे पाहावे. नाडीचा ठोका रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला भिडू लागला तर धोका दाराशी आला आहे. क्वचित पोटात रक्त असूनही नाडी मंदच राहते, म्हणून मंद नाडीचाही भरवसा नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात मुळातच हिमोग्लोबिन कमी. ज्यांच्याकडे शिल्लक थोडी, त्यांचे दिवाळे लवकर निघते.

आणि हे रक्त बाहेर दिसत नाही. कपड्यावर दोन डाग, पोटात एक लिटर. बाहेरचा रक्तस्राव थोडा आणि स्त्री मात्र पांढरीफटक, घामाघूम, ही विसंगती स्वतःच एक लक्षण आहे. माझ्या मते सर्वांत बोलके.

पाळी चुकणे, दुखणे आणि रक्तस्राव या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात, असे पुस्तकी वर्णन आहे. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र साधारण निम्म्याच स्त्रियांत आढळतात. उरलेल्या जणी एखाद-दुसऱ्या लक्षणावर दिवस काढतात. आपल्या भाषेत 'दुखणं अंगावर काढणं' असा एक शब्दप्रयोग आहे. तो बहुतेक वेळा बाईच्याच संदर्भात, आणि कौतुकाने वापरला जातो. नळीत गर्भ असलेल्या बाईने ते अंगावर काढू नये, आणि घरच्यांनी तिला काढू देऊ नये. पाळी चुकली असताना घेरी, खांदेदुखी किंवा अचानक तीव्र कळ यातले काहीही आले तर ओळखीच्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून, रात्री शस्त्रक्रिया आणि रक्त या दोन्हींची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे.

गोळ्यांचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत या चित्रात एक नवी गुंतागुंत शिरली आहे, आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. मिफेप्रिस्टोन आणि मायसोप्रोस्टॉल या गोळ्या योग्य देखरेखीखाली अत्यंत सुरक्षित आहेत; गर्भपात हा कायद्याने दिलेला उपचार आहे आणि त्याची वाट सोपी असणेच इष्ट. पण या गोळ्या गर्भाशयातल्या गर्भावर काम करतात. नळीतल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही.

परिणाम काय होतो पाहा. गोळ्या घेतल्या की पोटात कळा येणार आणि रक्त जाणार, हे तिला सांगितलेलेच असते. नळीत गर्भ असला तरी गोळ्यांनी गर्भाशयाचे अस्तर सुटते, थोडे रक्त जाते. म्हणजे धोक्याची लक्षणे औषधाचे अपेक्षित परिणाम म्हणून मोजली जातात. मेडिकलच्या काउंटरवरून गोळ्या नेलेल्या स्त्रीला विचारायलाही कोणी नसते, आणि बहुधा तिने ही गोष्ट घरात सांगितलेली नसते. गोळ्यांनंतर अगदीच थोडे रक्त गेले, किंवा दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरण्याऐवजी वाढले, तर गर्भ कुठे होता हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आणि अशी स्त्री दवाखान्यात आली तर तिला रागावू नये. रागावले की ती गोळ्यांचे सांगत नाही, आणि न सांगितलेली ती एक गोष्ट तिच्या जिवावर बेतू शकते.

थांबून पाहण्याचे शास्त्र

निदानाचे मुख्य साधन योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या तपासणीपेक्षा तिच्यात लवकर आणि स्पष्ट दिसते. पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसू लागते, सहाव्या आठवड्यात बहुधा हृदयाचे ठोके. या तपासणीला अनेकींचा संकोच असतो. तो दोन वाक्यांत, पडदा ओढून, सोबत एखादी परिचारिका उभी करून दूर होतो. 'करावीच लागते' म्हणून दरडावल्याने होत नाही.

अवघड प्रसंग असतो तो पट्टी पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत कुठेच काही नाही असा. गर्भ फार लहान असेल, पडून गेला असेल, किंवा बाहेर असेल. तिन्ही शक्यता खुल्या. अशा वेळी रक्तातले एचसीजी मोजतात आणि ४८ तासांनी पुन्हा मोजतात. एका आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन आकड्यांमधला फरक बोलतो. सुरुवातीचा आकडा १५०० च्या आत असेल तर निरोगी गर्भात तो दोन दिवसांत किमान ४९ टक्के तरी वाढतो. त्याहून मंद वाढ संशयास्पद. आकडा ३५०० च्या पुढे गेला आणि गर्भाशय अजून रिकामेच, तर गर्भ बाहेर असण्याचा संशय बळावतो.

हे दोन दिवस कुटुंबाला असह्य वाटतात. 'रिपोर्टमध्ये काही नाही म्हणाले' असे समजून लोक गावी निघून जातात. 'काही दिसत नाही' आणि 'काही नाही' यांत जीवनमरणाचे अंतर आहे, हे डॉक्टरांनी मराठीत, सावकाश, सोबत आलेल्या माणसालाही सांगायला हवे. या दोन दिवसांत ती एकटी राहू नये, रुग्णालयापासून फार दूर जाऊ नये.

उलट दिशेचीही एक चूक होते. अस्थानिक गर्भ असताना गर्भाशयात थोडा द्रव साठून गर्भाच्या पिशवीचा आभास होऊ शकतो. आत योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी, दिसल्याशिवाय गर्भ जागेवर आहे असे म्हणू नये.

उपचार

१८८१ मध्ये बर्मिंगहॅममधील शल्यविशारद लॉसन टेट यांना नळी फुटलेल्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया करण्याची विनंती झाली. ते धजावले नाहीत. ती दगावली. शवविच्छेदनात, रक्त वाहणारी जागा बांधली असती तर ती वाचली असती, हे त्यांना दिसले. १८८३ मध्ये त्यांनी फुटलेली नळी काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पहिली रुग्ण वाचली नाही, पुढच्या वाचत गेल्या. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे बहुधा मृत्यूची सूचना असे. आजचा उपचार त्याच शस्त्रक्रियेची परिणती आहे. नळी फुटली असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही आणि उशीरही परवडत नाही. स्थिती स्थिर असेल तर ती दुर्बिणीतून होते.

नळी वाचवावी की काढावी? घरच्यांचा कल वाचवण्याकडे असतो, ते स्वाभाविक आहे. पण २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एसेप' चाचणीत, दुसरी नळी निरोगी असलेल्या स्त्रियांना तीन वर्षांत नैसर्गिकरीत्या पुन्हा दिवस जाण्याचे प्रमाण नळी वाचवलेल्यांत सुमारे ६१ टक्के आणि काढलेल्यांत ५६ टक्के निघाले. हा फरक निर्णायक ठरला नाही. वाचवलेल्या नळीत गर्भाचे अंश मागे उरण्याचा धोका मात्र असतो. दुसरी नळी खराब असेल तर विचार बदलतो.

नळी फुटली नसेल, दुखणे फारसे नसेल, गर्भ लहान आणि ठोके नसलेला असेल, एचसीजी साधारण ५००० च्या आत असेल, तर मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन चालते. वाढणाऱ्या पेशींना लागणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडचे काम ते रोखते. म्हणून गरोदरपणासाठी सुरू केलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लगेच बंद करायच्या असतात. ही सूचना हमखास राहून जाते, आणि बाई निष्ठेने दोन्ही घेत राहते. चौथ्या आणि सातव्या दिवशी एचसीजी मोजतात. या दोन मोजण्यांमध्ये ते किमान १५ टक्के उतरले पाहिजे. पुढे ते शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते, म्हणून 'इंजेक्शन झालं, सुटलो' असे होत नाही. ज्या स्त्रीला आठवड्याला तालुक्याच्या गावी येणे शक्य नाही, तिच्यासाठी शस्त्रक्रिया हाच अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. एसटीच्या फेऱ्यांचा विचारही वैद्यकीय निर्णयातच धरायचा असतो. एचसीजी अगदी कमी आणि आपणहून उतरत असेल तर नुसते लक्ष ठेवूनही भागते.

हा गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही. हा प्रश्न फार हळू आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर तितक्याच हळुवारपणे, पण निःसंदिग्ध द्यावे.

नंतर

सरकारची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते. ती मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांसाठी. नळीतला गर्भ त्याआधीच आपला घात करून मोकळा झालेला असतो. म्हणजे मातेच्या काळजीची आपली घडी जिथून सुरू होते, त्याच्या अलीकडे हा आजार आहे. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आशाताईंनी 'गर्भ जागेवर आहे हे पाहिलंत का? दुखतं का? डाग लागतात का?' एवढे तीन प्रश्न विचारले तरी ही फट बरीचशी बुजेल.

उपचारानंतरचा काळ बाईला बहुधा एकटीने काढावा लागतो. पोट दिसायच्या आधीच सगळे घडून गेलेले असते, म्हणून सांत्वनाला कोणी येत नाही. कुटुंबात 'नळी काढली' एवढीच नोंद राहते. मूल गेल्याचे तिचे दुःख मात्र खरे असते, आणि त्यात पुन्हा आई होता येईल का ही भीती मिसळलेली असते. एका नळीने बहुतेकींना पुन्हा दिवस जातात. मेथोट्रेक्सेट घेतले असेल तर किमान तीन महिने थांबायचे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शन दिले का, हे घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यायचे. डिस्चार्ज कार्डावर गर्भ कोणत्या बाजूच्या नळीत होता आणि ती नळी काढली की ठेवली, हे स्वच्छ अक्षरात लिहून घ्यायचे, कारण पुढचा डॉक्टर दुसऱ्या गावचा असू शकतो. आणि पुढच्या वेळी पट्टीवर दोन रेघा दिसल्या की आनंद झाल्याच्या दिवशीच सोनोग्राफीची तारीख ठरवायची : सहावा आठवडा, कार्ड सोबत घेऊन.